गर्भवतीला सल्ला, डासाला अभय

पावसाळा लागला की झिकाचा, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या आणि गर्भातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या विषाणूचा, वाद पुन्हा वर येतो, आणि दर वेळी त्याची मांडणी तीच असते. एका बाजूला वाहिन्यांच्या लाल पट्ट्या, 'गर्भवतींनो, सावधान!' दुसऱ्या बाजूला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे शहाणे आणि त्यांना दुजोरा देणारे काही डॉक्टरही: साधा ताप आहे, चार दिवसांत उतरतो, बायकांना कशाला घाबरवता? २०२४ च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यात आणि मग मुंढव्यात रुग्ण सापडले. ३ जुलैला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सूचना पाठवली, रुग्ण सापडलेल्या भागांतल्या गर्भवतींचे नमुने राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे जाऊ लागले. वर्ष संपेपर्यंत देशातल्या रुग्णांचा आकडा दीडशेच्या आसपास गेला. त्यातले बहुतेक महाराष्ट्रातले, आणि महाराष्ट्रातले बहुतेक पुण्याचे. तेव्हापासून दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाण मांडून आहेत. एक म्हणतो घाबरा, दुसरा म्हणतो घाबरू नका, आणि भीतीचं माप किती असावं यापलीकडे कुणी बोलत नाही.

मला हा वादच चुकीच्या जागी घातला जातोय असं वाटतं. विचारायला हवं ते हे, की या धोक्याचा भार आपण कुणाच्या डोक्यावर ठेवला आहे. आज तो जवळजवळ सगळा गर्भवतीच्या डोक्यावर आहे. लांब बाह्या तिने घालायच्या, मलम तिने लावायचं, कुंड्यांखालच्या ताटल्या तिने रिकाम्या करायच्या, रक्त तिने द्यायचं, अहवालाची वाट तिने पाहायची आणि अहवाल वाईट आला तर पुढचं काय तेही तिनेच ठरवायचं. पाणी साठवायला भाग पाडणारी नळयोजना, पावसाळ्यात तळं होऊन बसणारा बांधकामाचा तळमजला, सोसायटीची झाकण हरवलेली टाकी, यांचा त्या यादीत पत्ता नाही. गर्भवतीची तपासणी जरूर करावी. पण तपासणीनंतर तिला द्यायला हातात काही नसेल, तर ती तपासणी निव्वळ शिरगणती आहे. आणि डास हटवणं हे सार्वजनिक काम आहे, पोटुशी बाईच्या गृहकृत्यांत ते ढकलता येणार नाही.

'घाबरू नका' म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करते. झिकाची लागण झालेल्या पाचांपैकी सुमारे चौघांना काहीच होत नाही, ताप आलाच तर अंगावर पुरळ आणि डोळे लाल होऊन आठवड्याभरात माणूस बरा होतो. गर्भवतीला लागण झाली म्हणजे बाळाला व्यंग येणारच, हे साफ खोटं. २०१६-१७ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिकोसारख्या बेटांवर झिकाची लागण झालेल्या अडीच हजारांहून अधिक गर्भवतींची नोंद ठेवली गेली. त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्के गर्भांत किंवा बाळांत झिकाशी जोडता येणारं व्यंग आढळलं. पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली असेल तर हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त जणींच्या बाबतीत असं व्यंग आढळलं नाही. हा आकडा लाल पट्टीवर कधी येत नाही आणि तो यायला हवा. अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच गर्भपाताचा विषय काढणारा नातेवाईक किंवा डॉक्टर त्या बाईवर अन्याय करत असतो. पण शंभरात पाच हा आकडा लहानही नाही. ज्या पाच घरांत ते मूल येतं, तिथे त्या घराचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं. डोकं लहान राहणं एवढ्यावर ते थांबत नाही. आकडी येते, गिळता येत नाही, दिसत नाही, सांधे आखडलेले असतात.

दुसरा युक्तिवाद जास्त चलाख आहे: आपल्याकडचा झिका वेगळा, सौम्य. याला आधारही आहे. २०१८ मध्ये जयपूरमध्ये दीडशेवर रुग्ण सापडले, त्यात गर्भवतीही बऱ्याच होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तिथल्या पाच नमुन्यांची जनुकीय रचना तपासली, आणि गर्भाच्या मेंदूला इजा करण्याशी ज्या बदलाचा संबंध तेव्हा जोडला जात होता, तो बदल त्यांत नव्हता. सरकारने ते जाहीर केलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. अडचण एवढीच, की त्याच सुमारास थायलंडमधल्या एका बाधित गर्भाच्या अभ्यासात हा बदल नसलेला विषाणू सापडला. म्हणजे तो बदल नसेल तर धोका नाही, असं म्हणायला जागा उरली नाही.

आणि 'आपल्याकडे अशी मुलं जन्मली नाहीत' याचं काय? फ्रेंच पॉलिनेशिया या पॅसिफिकमधल्या द्वीपसमूहाची गोष्ट इथे आठवावी. २०१३-१४ मध्ये तिथे झिकाची मोठी साथ आली आणि गेली. गर्भावर परिणाम होतो असं तेव्हा कुणाच्याही लक्षात आलं नाही. दोन वर्षांनी ब्राझीलमधून लहान डोक्याच्या बाळांच्या बातम्या आल्या, तेव्हा संशोधकांनी त्या बेटांवरच्या जुन्या नोंदी उघडल्या. लहान डोक्याची आठ प्रकरणं निघाली, त्यातली सात साथ संपत आली त्या चार महिन्यांतली. नोंदी नीट ठेवलेल्या होत्या म्हणून ती निघाली. आपल्याकडे जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोक्याचा घेर मोजून लिहिला जातो का, गर्भपात झालेल्या किंवा मृत जन्मलेल्या गर्भाची तपासणी होते का? होत असेल तर 'सापडलं नाही' या वाक्याला वजन आहे. होत नसेल तर ते वाक्य डोळे मिटून म्हटलेलं आहे.

अजून एक दाखला हटकून दिला जातो. पुण्यात १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन झालं त्याच काळात भारतीयांच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडल्याचा निबंध प्रसिद्ध झाला होता. म्हणजे विषाणू जुनाच, आपली शरीरं त्याला सरावलेली. ऐकायला बरं वाटतं. पण झिका आणि डेंग्यू हे इतके जवळचे भाऊबंद की एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत खोटी साक्ष देतात, आणि डेंग्यूची आपल्याकडे वाण कधीच नव्हती. त्या जुन्या चाचणीवर आजच्या गर्भवतीची निश्चिंती उभारता येणार नाही.

घबराट नको म्हणून माहितीच दाबायची, हेही आपण करून पाहिलेलं आहे. अहमदाबादच्या बापूनगर भागात २०१६-१७ मध्ये झिकाचे तीन रुग्ण सापडले. एक नुकतीच बाळंत झालेली बाई, एक गर्भवती आणि एक वयस्क पुरुष. ही गोष्ट जगाला कळली ती २०१७ च्या मे अखेरीस, जागतिक आरोग्य संघटनेच्या निवेदनातून. मधले महिने त्या भागातल्या बायका दिवस राहताना, डासांत राहताना, तपासणीला जाताना काहीही न कळता राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लग्नाच्या बोलणीत ठीक आहे. साथीत झाकलेल्या मुठीची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. सार्वजनिक आरोग्यात काम करणारे गंभीर लोक तो घेतात आणि तो उडवून लावता येत नाही. त्यांचं म्हणणं, देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आहे. बाया मरतात त्या बाळंतपणातल्या रक्तस्रावाने, वाढलेल्या रक्तदाबाने, जंतुसंसर्गाने. असं असताना दीडशे रुग्णांच्या झिकासाठी महागड्या चाचण्या, अधिकारी, बैठका कशासाठी? हा पैसा लोहाच्या इंजेक्शनांवर आणि रक्तपेढ्यांवर का जाऊ नये? झिका एकटाच समोर असता तर मी कदाचित या मंडळींच्या बाजूला गेले असते. पण हा डास एकटा विषाणू घेऊन फिरत नाही. तोच एडिस इजिप्ती डेंग्यू आणतो, तोच चिकुनगुनिया आणतो, आणि गर्भारपणात हे दोन्ही झिकाहून कितीतरी जास्त जणींना गाठतात.

डेंग्यूचंच बघा. गर्भारपणात रक्त मुळातच पातळ झालेलं असतं, त्यामुळे डेंग्यूत रक्त घट्ट होतंय हे ओळखायची नेहमीची खूण अंधुक होते. प्लेटलेट उतरतात, यकृताच्या चाचण्या बिघडतात, आणि हे सगळं गर्भारपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर आजारासारखंच दिसतं. एकाला दुसरं समजून ऐन तापात सिझेरियन केलं तर रक्तस्राव थांबवणं कठीण होऊन बसतं. तापात घरच्या घरी ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेतलं तर तो धोका आणखी वाढतो. चिकुनगुनियाची तऱ्हा निराळी. आईला ऐन बाळंतपणाच्या दोन-चार दिवसांत ताप असेल तर तो बाळाला जातो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ च्या साथीत, प्रसूतीच्या वेळी ज्या आयांच्या रक्तात विषाणू होता त्यांतल्या जवळजवळ निम्म्या बाळांना लागण झाली, आणि सिझेरियननेही ती टळली नाही. असं बाळ जन्मतः गोंडस, गुटगुटीत दिसतं. ताप, आकडी, दूध सोडणं हे सगळं तिसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या आत सुरू होतं. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा आईला घरी सोडलेलं असतं. पुण्यात झिकाच्या एकेका रुग्णाची बातमी होत होती त्याच २०२४ च्या पावसाळ्यात पुणे आणि नागपूर चिकुनगुनियाने फणफणत होते. नऊ महिने भरलेल्या बाईला ताप असेल तर बाळाला आठवडाभर नजरेखाली ठेवा, एवढी साधी सूचना किती वेळा छापून आली? म्हणून डास अडवण्यावर खर्च केलेला रुपया एकट्या झिकाच्या खात्यावर मांडणं हा हिशेबच खोटा आहे.

तपासणीकडे येते. झिकाची खात्रीची चाचणी म्हणजे आरटी-पीसीआर, आणि रक्तात विषाणू सहसा थोडेच दिवस सापडतो, लघवीत थोडा जास्त. लागण होऊन महिना उलटलेल्या बाईचा अहवाल निगेटिव्ह आला तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. प्रतिपिंडांची चाचणी करावी तर डेंग्यूशी घोळ होतो. म्हणजे निगेटिव्ह अहवालाने निश्चिंती नाही आणि पॉझिटिव्ह अहवालावर औषध नाही. मग तपासायचं कशासाठी? विरोधक इथेच बोट ठेवतात आणि बरोबर ठेवतात. उत्तर एकच असू शकतं: पुढच्या देखरेखीसाठी. तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी, ती करणारा गर्भाच्या मेंदूतले बारकावे ओळखू शकणारा तज्ज्ञ, आणि प्रत्येक तपासणीनंतर त्या बाईशी तिच्या भाषेत बोलणारं कुणीतरी. यातलं शेवटचं सगळ्यांत स्वस्त आहे आणि तेच सगळ्यांत कमी मिळतं.

वेळेचा पेचही समजून घ्यायला हवा. व्यंग शोधणारी नेहमीची सोनोग्राफी अठराव्या ते बाविसाव्या आठवड्याच्या दरम्यान होते. झिकाने मेंदूत होणारे बदल कित्येकदा त्यानंतर दिसू लागतात. आपल्या गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भातल्या गंभीर व्यंगासाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. कायदा इतर अनेक देशांच्या मानाने उदार आहे. पण पुण्यातली नोकरदार बाई दोन दिवसांत तज्ज्ञ गाठते, आणि पुरंदरच्या किंवा माणच्या गावातल्या बाईला आधी तालुक्याला सोनोग्राफीची तारीख मिळावी लागते, मग जिल्ह्याला, मग मंडळापुढे. या फेऱ्यांत ठरवण्याची मुदत संपून जाते. मूल ठेवायचं की नाही हे ज्या बाईने ठरवायचं, तिच्या हातात वेळच उरत नसेल तर तिला निवड दिली असं कसं म्हणायचं?

वैद्यकाच्या इतिहासात अशा गोष्टी पहिल्यांदा लक्षात आल्या त्या बहुतेक वेळा कुणीतरी आयांचं बोलणं ऐकलं म्हणून. १९४१ मध्ये सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही मुलं एकामागून एक येऊ लागली. त्या आयांना गर्भारपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता, हे त्यांनी जोडलं आणि मांडलं. बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आईला जेमतेम दोन दिवस जाणवणारा पुरळाचा ताप बाळाचे डोळे कसा घालवेल? हाच प्रश्न आज झिकाबद्दल विचारला जातो, तशाच सुरात. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाच्या साथीनंतर सुमारे वीस हजार बाधित बाळं जन्मली, तेव्हा कुठे लशीची निकड सगळ्यांना पटली. २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागातही तसंच घडलं. रेसिफे शहरातल्या डॉक्टरांना लहान डोक्याची बाळं अचानक जास्त दिसू लागली. कांपिना ग्रांदे शहरातल्या गर्भतज्ज्ञ आद्रियाना मेलो यांनी दोन गर्भवतींच्या गर्भजलाचे नमुने तपासायला पाठवले आणि त्यात झिका सापडला. राजधानीतल्या समितीने हे शोधलेलं नाही. एका लहान शहरातल्या, रोज त्या बायकांची सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरने शोधलं.

असं काही आपल्याकडे घडायचं तर त्यासाठी नवी योजना, नवं पोर्टल, नवं उद्घाटन काहीच लागत नाही. गर्भवतीच्या हातात माता बाल संरक्षण कार्ड असतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तिला डॉक्टरने तपासायचं असतं. मुलांच्या तपासणीसाठी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जिल्हा पातळीवर वाढीतले दोष लवकर हुडकणारी केंद्रं आहेत. आशाताई तर दारात येतातच. कार्डावर 'गर्भारपणात ताप-पुरळ' अशी एक ओळ हवी. लागण झालेल्या बाईच्या मुलाची दृष्टी, श्रवण, वाढ किमान दोन वर्षं तपासली जायला हवी, कारण ब्राझीलमध्ये जन्मतः डोकं नीट असलेल्या काही मुलांचीही वाढ नंतर खुंटल्याचं दिसलं. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक काम येतं, हे खरं. त्यांना त्याचे वेगळे पैसे द्या. फुकटात वाढवलेलं काम कागदावर होतं, हे लसीकरणाच्या प्रत्येक मोहिमेत दिसलं आहे.

सल्ल्यांबद्दल माझी नाराजी जरा जास्तच आहे, हे कबूल. जानेवारी २०१६ मध्ये मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या सरकारने आपल्या देशातल्या बायकांना सांगितलं, २०१८ पर्यंत गर्भार राहू नका. ज्या देशात गर्भपाताला कोणत्याही कारणाने परवानगी नाही, जिथे बलात्काराचं प्रमाण भयानक आहे, तिथे हा सल्ला. पुरुषांना काही सांगितलं गेलं का? झिका पुरुषाच्या वीर्यात कित्येक आठवडे राहू शकतो आणि संभोगातून बायकोला होऊ शकतो. म्हणून लागण झालेल्या पुरुषाने तीन महिने काळजी घ्यावी असं शास्त्र सांगतं. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, तेव्हा तिथेही काही महिने गर्भधारणा टाळायचा सल्ला दिला गेला आणि निरोध वाटले गेले. याची गावोगाव टिंगल झाली. मला मात्र एल साल्वादोरपेक्षा हे किती तरी बरं वाटलं. निदान सल्ल्याबरोबर हातात काही दिलं, आणि ते पुरुषाच्या हातात दिलं. टिंगल करणाऱ्यांना नेमकं तेच टोचलं असावं.

राहिला डास. लांब बाह्या, मलम, जाळ्या या सगळ्यांचा उपयोग होतो, गर्भारपणात डास पळवणारी मलमं सूचनेप्रमाणे लावली तर धोका नसतो, हेही खरं. पण हा डास दिवसा चावतो. भर मे-जूनमध्ये चुलीपुढे किंवा बांधकामावर घमेली वाहताना लांब बाह्या कोण घालतं? चार घरची धुणीभांडी करणारी बाई मोरीत उभी राहून काम करताना मलम किती वेळ टिकतं? 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा,' हे आरोग्य खात्याचं आवडतं वाक्य आहे आणि शास्त्राने ते अचूक आहे, कारण अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. पण छत्रपती संभाजीनगरला, सोलापूरला जिथे नळाला पाणीच कित्येक दिवसांनी येतं, तिथे बाईने पिंप उपडं कधी करायचं? पाणी आल्यावर की पाणी यायच्या आदल्या दिवशी, आणि मधल्या दिवसांत लेकरांना प्यायला काय द्यायचं? रोज ठरल्या वेळी नळाला पाणी येणं हा डेंग्यू-झिकावरचा सगळ्यांत मोठा उपाय आहे. तो आरोग्य खात्याच्या पत्रकात कधीच येत नाही, कारण तो आरोग्य खात्याच्या हातातच नाही.

हे अशक्य कोटीतलं वाटत असेल तर इतिहास पाहावा. एडिसमुळे पीतज्वर (यलो फीव्हर) होतो हे क्यूबातल्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं. १९०१ मध्ये विल्यम गोर्गस या अमेरिकन लष्करी डॉक्टरने हवानात घराघरांतली टाकी-रांजण झाकली, डबक्यांत तेल टाकलं, अळ्या सापडल्या तर दंड केला, आणि वर्षाच्या आत शहर पीतज्वरातून मोकळं झालं. पुढे अमेरिकन साथरोगतज्ज्ञ फ्रेड सोपर यांच्या शिस्तीत अमेरिका खंडातल्या देशांनी १९४७ मध्ये एडिस संपवण्याचा निर्धार केला. योगायोग असा की त्याच वर्षी युगांडाच्या झिका जंगलातल्या एका माकडात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. १९५८ मध्ये ब्राझील एडिसमुक्त जाहीर झाला. हो, तोच ब्राझील. मग पैसा आटला, माणसं कमी केली, शेजारच्या देशांत डास उरलाच होता, आणि वीस वर्षांच्या आत तो परतला. २०१५ ची ती बाळं जन्मली त्याची सुरुवात या ढिलाईत आहे. सोपर यांची पद्धत जशीच्या तशी आज चालणार नाही. तिच्यात डीडीटी होतं, लष्करी खाक्या होता, आणि लोकांच्या घरात असं घुसण्याचे परिणाम पुण्याने १८९७ च्या प्लेगमध्ये भोगले आहेत. शिवाय आजच्या शहरांत प्लास्टिकचा प्रत्येक डबा हे डासाचं घर आहे आणि एडिसची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. तरीही एवढं कळतं की दारोदार, आठवड्यागणिक, पगारी माणसांनी वर्षानुवर्षं केलेलं कंटाळवाणं काम या डासाला हरवू शकतं.

आपण करतो ते वेगळंच. रुग्ण सापडला की दुसऱ्या दिवशी गल्लीत धूरफवारणीची गाडी येते, मागून नगरसेवक, त्यामागून मोबाइलवाले. धुराने उडते डास थोडे मरतात, पिंपातल्या अळ्यांना काही होत नाही, आणि आठवड्याभरात नवी पलटण तयार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. धूर दिसतो म्हणून सोडला जातो. पाणी साठणाऱ्या भांड्यांची पाहणी करणारी, टाक्यांत अळीनाशक टाकणारी, गप्पी मासे सोडणारी कंत्राटी माणसं दिसत नाहीत, म्हणून पावसाळा ओसरला की आधी त्यांचीच संख्या कमी होते.

'डास लोकांच्या घरातच होतात, महापालिका काय काय करणार?' हा शेवटचा आक्षेप. यात निम्मं तथ्य आहे. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, गच्चीवरचे टायर ही आपलीच करणी, आणि अळ्या सापडल्या म्हणून सोसायटीला नोटीस आली की अपमान झाल्यासारखं भांडणारे आपणच. पण उरलेलं निम्मं कुणाचं? बांधकामाच्या लिफ्टचा खड्डा, पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं गंजणारी जप्त वाहनं, सरकारी कार्यालयांच्या गच्च्या, बंद पडलेली कारंजी. दंडाची पावती वाड्यातल्या भाडेकरूला जितक्या सहज फाडली जाते तितक्या सहज ती मोठ्या बिल्डरला फाडली जाते का, आणि महापालिका स्वतःच्या आवारात अळ्या सापडल्या तर कुणाला दंड करते?

ब्राझीलमध्ये बाधित मुलांच्या आया गप्प बसल्या नाहीत. त्यातल्या बहुतेक गरीब, ईशान्येतल्या, घरात पाणी साठवून ठेवणाऱ्या वस्त्यांतल्या. अनेकींचे नवरे निघून गेले होते. त्यांनी संघटना केल्या, राजधानीत धरणं धरलं, आणि २०२० मध्ये तिथे कायदा झाला: २०१५ ते २०१९ या काळात झिकाने बाधित होऊन जन्मलेल्या मुलाला महिन्याला किमान वेतनाइतकी रक्कम आयुष्यभर. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. डास सरकारच्या कामचुकारपणात वाढला, तेव्हा खर्चही सरकारने उचलावा.

आपल्यावर ती वेळ आलेली नाही, आणि न येवो. पण २०२४ मध्ये ज्यांचे अहवाल पॉझिटिव्ह आले त्या बायकांची मुलं आता पळू-बोलू लागण्याच्या वयात आली आहेत. कुणाचंही नाव-पत्ता न देता, त्यांतली किती मुलं दोन वर्षांपर्यंत तपासली गेली, किती जणांची दृष्टी-श्रवण पाहिली, किती सुटून गेली, हा तक्ता महापालिकेने लोकांपुढे ठेवावा. त्याच्या शेजारी दुसरा तक्ता असावा: गेल्या वर्षभरात कोणत्या प्रभागात नळाला किती दिवसांनी पाणी आलं, आणि तिथल्या किती टाक्यांत अळ्या सापडल्या. पुढच्या पावसाळ्यात पहिला रुग्ण सापडला की पत्रकार परिषदेत गर्भवतींनी काय काळजी घ्यावी हे विचारण्याआधी कुणीतरी हे दोन तक्ते मागावेत.